चौथ्या चालीचा घोडा

माझ्या बायकोचे मोठे भाऊ बावीस वर्षं चौथ्या चालीला घोडा फुकट देत आले, आणि बावीस वर्षं मी त्यांना सांगत आलो की हे चूक आहे. ते चूक आहे याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. अडचण एवढीच, की बावीस वर्षं हरत मी आलो.

पंपघरात त्यांना सगळे दानशूर म्हणतात. हे नाव मीच ठेवलं, चिडून. त्यांना ते फार आवडलं, म्हणजे तिथेही मीच तोंडावर पडलो.

ज्यांना बुद्धिबळ येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिल्या तीन चालींत दोन्हीकडचे घोडे बाहेर येतात. इथपर्यंत सगळं चार सभ्य माणसांसारखं. मग पांढरा आपला घोडा उचलतो आणि पटाच्या मधोमध उभं असलेलं काळ्याचं प्यादं मारतो. त्या प्याद्यामागे काळ्याचा घोडा टपून बसलेलाच असतो, तो या घोड्याला लगेच मारतो. म्हणजे एका प्याद्यासाठी अख्खा घोडा गेला. बाजारात कोणी असा सौदा केला तर घरचे त्याला पुन्हा पिशवी देऊन पाठवणार नाहीत. पुस्तकांत अशा प्रकाराला गँबिट म्हणतात. सुरुवातीलाच काहीतरी देऊन टाकायचं आणि त्याच्या बदल्यात हल्ला मिळवायचा. प्यादं देणारे पुष्कळ असतात. अख्खा घोडा देणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा मेहुणा निघाला.

घोडा दिल्यावर दानशूरांची मधली दोन प्यादी माझ्या दोन्ही घोड्यांच्या अंगावर चालून येतात. एक घोडा पटाच्या कडेला पळतो, दुसरा जिथून निघाला तिथे परत जातो. सहा चाली होतात तेव्हा माझ्याकडे एक घोडा जास्त असतो, पटाचा सगळा मधला भाग त्यांच्याकडे असतो, आणि माझ्या कानशिलातली शीर उडत असते. पुस्तक म्हणतं काळ्याचं उत्तम चाललंय. काळा म्हणजे मी. मला विचारा कसं चाललंय ते.

आमचं पंपघर म्हणजे एक उंच, लांबट खोली. चार मोटारी, चार पंप, भिंतीवर दाबाच्या काट्यांचं जुनं पॅनेल आणि त्याखाली एक लोखंडी टेबल. नदीचं पाणी गाळून येतं, आम्ही ते टेकडीवरच्या टाकीत चढवतो. सकाळी सहा ते दोन ही पहिली पाळी दानशूरांची. दोन ते दहा ही दुसरी माझी. तिसऱ्या पाळीच्या माणसाला आम्ही तिसराच म्हणतो, आणि त्याला बुद्धिबळाचा मनापासून तिटकारा आहे.

टेबलावर नोंदवही, टेलिफोन आणि पट. नियम असा की दानशूरांनी सकाळच्या पाळीत एक चाल खेळायची, मी दुपारच्या पाळीत एक. दिवसाला एकच. एकदा मोहऱ्याला हात लावला की तेच खेळायचं, समोर कोणी बघत नसलं तरी. चाली लिहून ठेवायच्या नाहीत, कारण फार पूर्वी नोंदवहीच्या समासात ‘घोडा मारला’ असं वाचून मोठ्या साहेबांनी चौकशी लावली होती. एक डाव संपायला महिना-दीड महिना लागतो. सुटीच्या दिवशी बदली माणूस येतो, त्याला पटाकडे बघायची परवानगी आहे, हात लावायची नाही.

मोटारी चालू असल्या की टेबल थरथरतं आणि मोहरी हळूहळू सरकतात. पूर्वी एका पाळीत उंट आपल्या घरातून निघून शेजाऱ्याच्या घरात जाऊन उभा राहायचा. त्यावर दानशूरांनीच उपाय काढला. जुन्या गॅस्केटच्या रबराच्या बत्तीस चकत्या कापल्या आणि प्रत्येक मोहऱ्याच्या बुडाला एकेक चिकटवली. तेव्हापासून कोणी हलवल्याशिवाय एकही मोहरं हललेलं नाही.

दोन वाजता पाळी बदलते तेव्हा आम्ही दहा मिनिटं समोरासमोर असतो. त्यातली दोन मिनिटं कामाची. तीन नंबरचं बेअरिंग गरम होतंय, टाकीची पातळी अमुक, एवढं बोलून झालं की उरलेली आठ मिनिटं वाद.

“दादा, घोडा देणं कच्चं आहे,” मी म्हणायचो. बायको त्यांना दादा म्हणते म्हणून मीही म्हणतो.

“मग जिंक.”

“मी कसा खेळतो हा प्रश्न नाही. चाल कच्ची की पक्की, हा प्रश्न आहे.”

“कोणासाठी?”

“कोणासाठी म्हणजे? चाल कच्ची असली की सगळ्यांसाठी कच्ची.”

“तुला घोडा मिळाला की तू खेळाडू राहत नाहीस, घोड्याचा राखणदार होतोस,” ते खांद्यावरच्या फडक्याने हात पुसत म्हणायचे. “मी मोकळा होतो, तू अडकतोस. यात कच्चं काय आहे?”

“पुस्तकात स्पष्ट लिहिलंय.”

“पुस्तकाला बोलाव उद्या दोन वाजता.”

आणि डबा उचलून निघायचे. पालथ्या घड्यावर पाणी! मी आठ तास त्या पटासमोर बसून दातओठ खात राहायचो. पुढे मोबाईलवर बुद्धिबळाचा संगणक आला तेव्हा मला वाटलं, आता सुटका झाली. मी त्यांना तो आकडा दाखवला. संगणक म्हणत होता की घोडा दिल्या क्षणी पांढऱ्याचा डाव गेला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो आकडा नीट पाहिला आणि विचारलं, “काळा कोण खेळतोय असं समजून हे सांगतोय हा?” तिसरा तेव्हा पगाराच्या कागदावर सही करायला आला होता. तो इतका हसला की मला त्याला पंपघराबाहेरचा रस्ता दाखवावासा वाटला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हे वाचून कोणाला वाटेल की दानशूर गमत्या माणूस असणार. तसं नाही. ते कमी बोलतात आणि कामात चोख. बेअरिंगला हाताची मागची बाजू लावून ते किती गरम आहे ते अंशात सांगतात, मग मी थर्मामीटर लावतो आणि तोच आकडा निघतो. मोटारींना तेल घालणारा तेलवाला म्हणून लागले तेव्हा वीस वर्षांचे होते. वडील गेलेले, आई अंथरुणाला खिळलेली आणि बहीण आठ वर्षांची. भल्या सकाळी बहिणीच्या वेण्या घालायच्या, आईचं सगळं करायचं आणि सहाला कामावर हजर. बायको अजून सांगते, दादाने वेण्या घातल्या की दिवसभर भुवया वर ओढल्या जायच्या, वर्गात बाईंना वाटायचं ही कायम चकित आहे. त्या काळात त्यांना पंपांवरच्या जुन्या चालकाने पटावर बसवलं. एक दिवस चौथ्या चालीला दुसरंच काही खेळायचं होतं, पण डोळ्यावर झोप होती आणि हात घोड्याला लागला. हात लागला की खेळायचं हा नियम. मागे जाणं शोभत नव्हतं, म्हणून समोरचं प्यादं मारलं, घोडा गेला आणि डाव जिंकले. हे त्यांनीच मला सांगितलं. म्हणजे ज्या चालीसाठी मी बावीस वर्षं रक्त आटवलं, ती मुळात झोपेत झालेली चूक होती!

“चूकच होती,” ते म्हणाले. “पण लागू पडली ना?”

मी नोकरीला लागून दोन वर्षं झाल्यावर त्यांनी मला घरी बोलावलं आणि बहिणीशी गाठ घालून दिली. तेव्हापासून पंपघरात मी ‘तू’ आणि घरात ‘भाऊजी, तुम्ही’. उंबरठा ओलांडला की त्यांची जीभ आपोआप बदलते. एकदा एक डाव फारच वाईट हरून घरी आलो आणि बायकोवर भडकलो. म्हटलं, “तुझ्या भावाची सवयच आहे. काहीतरी देऊन टाकायचं आणि माणसाला जन्माचं अडकवायचं. आधी घोडा दिला, मग तुला दिलं!”

“म्हणजे मी चौथ्या चालीचा घोडा का?” ती म्हणाली. “मग मला सांभाळता येत नसेल तर तो दोष दादाचा कसा? नाचता येईना, अंगण वाकडं.”

पुढे आठवडाभर घरात मला गरम जेवण मिळालं, पण बोलणं थंड मिळालं.

हिशेब सांगून टाकतो, कारण तो मला पाठ आहे. ते पांढरा घेऊन खेळले असे ब्याण्णव डाव. प्रत्येकात चौथ्या चालीला घोडा. ऐंशी मी हरलो, बारा बरोबरीत सुटले. माझ्या पांढऱ्याचे डाव वेगळे, ते बहुतेक बरोबरीत सुटतात, कारण मी कोणाला काही देत नाही आणि मला कोणी काही देत नाही. मला एकच हवं होतं. त्या घोड्याच्या डावात एकदा जिंकायचं आणि त्यांच्या तोंडून ऐकायचं की होय, तुझं बरोबर होतं.

मग कार्यालयाचं पत्र आलं. पंप आता मुख्य कार्यालयातल्या संगणकावरून चालणार. जुनं पॅनेल काढून नवं बसवणार. माझी बदली टेकडीवरच्या टाकीवर, तिसऱ्याची गाळणीवर, आणि बदलीच्याच महिनाअखेर दानशूर निवृत्त. हातात दोन महिने होते. चालू डाव माझ्या पांढऱ्याचा होता, तो मी मुद्दाम घाईघाईने बरोबरीत सोडवला. राहिला एक डाव, त्यांचा पांढरा. ज्या दिवशी त्यांनी चौथ्या चालीला घोडा दिला त्या दिवशी मी म्हटलं, “दादा, हा शेवटचा.”

“घोडामैदान जवळच आहे,” ते म्हणाले.

मी त्या डावात जीव ओतला. जेवताना पट, आंघोळ करताना पट, बायको काही विचारायची आणि मी उंटाचं उत्तर द्यायचो. यावेळी मी घोडे पळवले पण घाबरलो नाही. एक उंट मारून एक उंट दिला, राजाचा किल्लेकोट करून त्याला कोपऱ्यात नेऊन बसवलं. विसाव्या चालीला माझा जादाचा घोडा जिवंत होता आणि हल्ला थंड पडत होता. असं आजवर कधीच झालं नव्हतं. फक्त एक भीती होती. माझ्या राजासमोर तीन प्यादी भिंतीसारखी उभी. त्यांचा एखादा हत्ती माझ्या शेवटच्या ओळीत शिरला तर राजाला पळायला जागाच नाही, तिथेच मात. त्यावर इलाज सोपा, कडेचं, म्हणजे मुळात हत्तीपुढचं, प्यादं एक घर पुढे ढकलून राजाला खिडकी उघडून द्यायची. चार दिवस माझ्या डोक्यात त्या खिडकीशिवाय दुसरं काही नव्हतं.

दानशूरांचं लक्ष मात्र कामावरून उडालं होतं, आणि त्याने मी आणखी वैतागलो. सातची नोंद त्यांनी आठच्या रकान्यात लिहिली, तिसऱ्याने कुरकुर केली. “तुझी बदली कुठे झाली रे?” हे मला एका आठवड्यात तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी तडकलोच.

“टाकीवर, दादा! टाकीवर! लक्ष कुठे असतं तुमचं?”

“डावात,” ते म्हणाले.

मला ते पटलं. माझंही तिथेच होतं.

पॅनेलवाले दोन फिटर आले ते नेमके या दिवसांत. तारा मोजल्या, भिंतीवर खुणा केल्या, दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी दोनला पोचलो तर टेबल खिडकीपाशी सरकवलेलं, जुन्या पॅनेलचा अर्धा पत्रा जमिनीवर, आणि पटावर सगळी मोहरी ओळीत. पांढरी एका बाजूला, काळी दुसऱ्या बाजूला, बत्तीसच्या बत्तीस, जशी डाव सुरू होण्याआधी असतात तशी.

“सगळं विस्कटून पडलं होतं,” मोठा फिटर अभिमानाने म्हणाला. “काही तर बाजूला डब्यात होती. नीट लावून ठेवली.”

मी त्या माणसाला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने पाना खाली ठेवला आणि सोबत्याच्या मागे जाऊन उभा राहिला. बावीस वर्षांत पहिल्यांदा जिंकायची वेळ आली आणि या गृहस्थाने आवराआवर केली!

दानशूर डबा घेऊन दारात उभे होते.

“सकाळी मी हत्ती मोकळ्या रांगेत आणला होता,” ते म्हणाले. “बाकी तू लाव.”

“तुम्ही थांबा ना. दोघं मिळून लावू.”

“तुझी आठवण चांगली आहे. लाव तू.” आणि गेले.

कौतुकाचे एवढे शब्द त्यांच्याकडून मला कधी मिळाले नव्हते. मी बसलो आणि एकेक मोहरं त्याच्या घरात ठेवलं. त्यांची दोन प्यादी मधे, माझा वजीर तिथे, जादाचा घोडा तिथे. राजासमोर दोन प्यादी जागेवर आणि हत्तीपुढचं एक घर पुढे. मग त्यांचा हत्ती मोकळ्या रांगेत ठेवला आणि ती चाल पाहिली. हत्ती बाजूला सरकल्यामुळे मागच्या उंटाचा मारा माझ्या घोड्यावर आला होता. एवढंच? मी घोडा उचलला आणि सुरक्षित घरात नेला. आठ तास शीळ घालत नोंदी केल्या.

दुसऱ्या दिवशी दोनला पाच मिनिटं असताना आत गेलो तर दानशूर पटासमोर बसलेले. त्यांची चाल अजून झालीच नव्हती. एरवी ते सकाळी सातलाच खेळून मोकळे होत. बोट हवेत धरून होते, माझ्या राजाच्या बाजूला.

“हे प्यादं...” ते म्हणाले.

“कुठलं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पटाकडे पाहिलं. “काही नाही,” म्हणाले आणि वजीर एक घर मागे घेतला.

तिथून डाव उतरणीला लागला. त्यांचा हल्ला संपला, माझा घोडा बाहेर पडला आणि एकेक प्यादं टिपत गेला. निवृत्तीला तीन दिवस उरले असताना मी दोनला पोचलो तर त्यांचा राजा पटावर आडवा ठेवलेला होता. मी हरतो तेव्हा असाच ठेवतो. ऐंशी वेळा ठेवलेला आहे.

मला आनंद झाला म्हणणं कमी आहे. मी चक्क टाळी वाजवली. मग म्हणालो, “आता बोला. कच्ची की पक्की?”

“चांगला खेळलास.”

“माझं सोडा. घोडा देणं कच्चं की पक्कं?”

ते नव्या पॅनेलच्या हिरव्या दिव्यांकडे बघत राहिले. “कच्चं असेल,” म्हणाले. “तू म्हणतोस तर असेल.”

सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही असा हा माणूस, आणि माझ्यापुढे असं म्हणाला! घरी जाऊन मी दारातूनच बायकोला ओरडून सांगितलं. मला वाटलं ती निदान हसेल, चिडवेल. ती तव्यावरून हात काढून तशीच उभी राहिली.

“दादा असं म्हणाला?”

“अगदी असंच.”

“दादा असं म्हणणार नाही,” ती म्हणाली. मला तिचा रागच आला. इतक्या वर्षांनी नवरा एक डाव जिंकून आला, तर त्यातही हिला भावाचीच काळजी.

निरोपाच्या दिवशी मोठ्या साहेबांनी भाषण केलं, त्यात दानशूरांचं वय दोन वर्षांनी चुकलं आणि पंपांची संख्या एकने. मग एक फ्रेम दिली. नवं काम सुरू करताना जुन्याचा फोटो काढून ठेवायचा असा फिटरांचा नियम असतो. त्यांनी पत्रा सोडवण्याआधी काढलेला जुन्या पॅनेलचा फोटो साहेबांनी मोठा करून काचेत घातला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा घेतला, मीही घेतला. गर्दीत फ्रेम लांबूनच पाहिली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. फ्रेम बैठकीच्या खोलीत, खुर्चीच्या बरोबर समोर लावलेली. बायको आत वहिनींकडे गेली. दादा हात धुवायला गेले होते, म्हणून मी सहज उठून फोटोजवळ गेलो. जुने काटे, पुसट आकडे, तीन नंबरचा तडा गेलेला बल्ब. पॅनेलवरच्या घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं. आणि खालच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर पट. दादांचा हत्ती मोकळ्या रांगेत आलेला. म्हणजे त्याच सकाळचा, फिटरांनी आवरण्याआधीचा.

मी चष्मा पुसला आणि काचेला नाक लावून पाहिलं. माझ्या राजासमोर तीन प्यादी होती. तिन्ही आपापल्या घरात. हत्तीपुढचंही.

मी खिडकी उघडलीच नव्हती. चार दिवस तिचा विचार केला आणि रोज दुसरंच काही तातडीचं निघालं म्हणून पुढे ढकलली. आणि पट लावताना विचारालाच चाल समजून बसलो. त्या खऱ्या पटावर हत्तीच्या त्या चालीत एक नव्हे, दोन धमक्या होत्या. घोडा वाचवला असता तर हत्ती खाली येऊन मात. मात वाचवायला खिडकी उघडली असती तर घोडा गेला असता, आणि मग त्यांचं सगळं सैन्य माझ्या दारात. डाव त्यांचा होता. दिलेला घोडा, ब्याण्णव डावांतला सगळा हेका, सगळं त्या सकाळी त्यांच्या बाजूने उभं होतं, आणि मी स्वतःच्या हाताने ते प्यादं पुढे ठेवलं होतं.

दादा फडक्याने हात पुसत आले.

“दादा,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच चिडका वाटला. “हे प्यादं घरात होतं. मी पट चुकीचा लावला. तुम्हाला दुसऱ्या दिवशी दिसलं होतं ना? बोट धरून बसला होतात. बोलला का नाहीत?”

ते फोटोजवळ आले नाहीत. खुर्चीत बसले.

“मला ते घरातच आठवत होतं, भाऊजी,” ते म्हणाले. “पण माझ्या आठवणीचं आता काही खरं नाही. तुमच्या वहिनींना विचारा. डब्यात चिठ्ठी घालून देतात, नोंद कुठल्या रकान्यात करायची त्याची. सहा महिने झाले.”

आतल्या दारात वहिनी उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे माझी बायको. मला तीनदा विचारलेला बदलीचा प्रश्न आठवला, आणि मी ओरडून दिलेलं उत्तर.

“म्हणून तुम्ही गप्प बसलात?”

“पट तुम्ही लावला होता ना? मग तो बरोबरच असणार.”

मी कपाटावरचा त्यांचा जुना पट काढला, छोट्या टेबलावर मांडला आणि फोटोत बघून एकेक मोहरं ठेवलं. हत्तीपुढचं प्यादं घरात ठेवलं. तसंच, जसं होतं तसं.

“हा खरा डाव,” मी म्हणालो. “घोडा मी नेला होता, तो इथे. आता तुमची चाल. हत्ती खाली न्या, दादा. मात आहे.”

त्यांनी दोन बोटांनी ते प्यादं उचललं आणि एक घर पुढे ठेवलं.

“हे इथे होतं,” ते म्हणाले.

“नव्हतं. फोटोत बघा, समोर आहे!”

“फोटोत काय, कोपऱ्यातलं नीट दिसत नाही. तुम्ही आठ तास त्या पटासमोर बसायचात. तुम्हाला नाही कळणार तर कोणाला?”

“दादा, मी चुकलो होतो. तुम्ही जिंकला होतात. घोडा देणं चाललं होतं, त्या डावात तरी चाललं होतं. मी सांगतोय ना!”

“छे,” ते म्हणाले. “ती चाल कच्चीच. तुम्हीच सांगत होता, आणि बरोबर सांगत होता.”

मी प्यादं मागे घेतलं. त्यांनी पुढे ठेवलं. मी फ्रेम भिंतीवरून काढून त्यांच्या मांडीवर ठेवली, बोट लावून दाखवलं, आवाज चढवला. वहिनींनी मला मागून खुणावलं की पुरे. मी पुन्हा प्यादं मागे घेतलं, त्यांनी पुन्हा शांतपणे पुढे ठेवलं.

आता आम्ही दर रविवारी जातो. पट तसाच लावलेला असतो आणि वाद तोच असतो, फक्त बाजू बदलल्या आहेत. ती चाल पक्की होती असं मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगतो, आणि ते मान हलवतात. बावीस वर्षांत त्यांनी माझं एकदाच ऐकलं, आणि आता मी काहीही केलं तरी ते सोडायला तयार नाहीत.